तुमचा खाडा पडला की

शालनबाईंनी समोर बसलेल्या माणसाला ‘अनुभव किती वर्षांचा?’ असं विचारलेलं मी कधी ऐकलं नाही. नाव-गाव लिहून झालं की त्या चष्मा कपाळावर सरकवायच्या, पेन टेबलावर आडवं ठेवायच्या आणि एकच प्रश्न टाकायच्या, “तुमचा खाडा पडला की कुणाचं अडतं?”

खाडा म्हणजे कामावरची गैरहजेरी. आमच्या भागात ज्या घरातलं कुणी कंपनीत जातं, त्या घरातल्या लहान मुलालाही हा शब्द कळतो. पण नोकरीसाठी बायोडाटा लिहून घ्यायला आलेला माणूस या प्रश्नाने गडबडतो. तो कामाबद्दल सांगायच्या तयारीने आलेला असतो आणि या बाई विचारतात, तुम्ही कामावर नसलात तर काय होतं.

मी निमोण्याची. शिरूरच्या कॉलेजात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे अर्धा गाव फॉर्म भरायला माझ्याकडे येतो. दुपारी मी स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात टायपिंगला बसते. शालनबाई दर गुरुवारी दौंडच्या एसटीने यायच्या, कारण गुरुवारी बऱ्याच कंपन्यांना सुट्टी. दुकानाच्या मालकाने त्यांना कोपऱ्यातलं टेबल दिलं होतं. पंचावन्नच्या आसपास वय, काठाची सुती साडी, पिशवीत हजेरीचं जुनं मस्टर. त्याच्या कोऱ्या राहिलेल्या पानांवर त्या माणसाची माहिती मराठीत लिहायच्या आणि पान माझ्याकडे सरकवायच्या. “ए कॉलेज, ह्याचं इंग्रजी कर.”

माझं नाव त्यांना माहीत होतं. तरी त्या मला ‘कॉलेज’च म्हणायच्या. मला ते आवडायचं नाही. खरं सांगायचं तर त्यांचं मला फारसं काहीच आवडायचं नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण हे वगळून त्यांच्याबद्दल लिहिलं तर ते खोटं होईल. मला त्यांचा हेवा वाटायचा.

त्यांचं शिक्षण बारावीपर्यंत. दौंडजवळच्या एका कंपनीत त्या सव्वीस वर्षं टाइम ऑफिसला होत्या. गेटवर बसायचं, कोण आलं कोण नाही ते मस्टरवर मांडायचं. “एखाद्याच्या नावापुढं खाडा पडला की तासाभरात कुणीतरी पळत यायचं,” त्या सांगायच्या. “बाई, त्यो आलाय का? न्हाई आला? आता कसं करायचं? ज्याच्यासाठी असं पळत येत्यात, त्यो खरा कामाचा माणूस. त्याचा हुद्दा काय का असंना.” पुढे अंगठ्याचं मशीन आलं आणि टाइम ऑफिस बंद झालं. त्यावर त्यांची तक्रार एवढीच, “मशीनला खाडा कळतो. कुणाचं अडलं ते कुठं कळतंय?” कंपनीतून कमी केलेल्या ओळखीच्या चार माणसांना त्यांनी अर्ज लिहून दिले, ती चौघं कामाला लागली आणि मग माणसं शोधत येऊ लागली.

माणसं माझ्या टेबलाला वळसा घालून त्यांच्याकडे जायची. मी मोकळी बसलेली असले तरी. “बाई हायेत का?” असं मलाच विचारायची. इंग्रजी मी लिहायचे, कागद माझ्या हातून निघायचा, आणि हात जोडले जायचे ते त्यांना.

एकदा वडगाव रासाईचे एक गृहस्थ आले. पन्नाशीचे, पांढरा शर्ट, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणलेला बायोडाटा. शालनबाईंनी तो वाचला आणि चष्मा वर केला. वर गणपती, खाली उंची, रंग, कुलदैवत, मामाचं गाव. गृहस्थांनी मुलाच्या लग्नाचा बायोडाटा समोर ठेवून, नाव आणि जन्मतारीख बदलून नोकरीचा केला होता. शेवटची ओळ बदलायची राहून गेली होती.

“दादा,” शालनबाई अगदी गंभीरपणे म्हणाल्या, “अपेक्षा : निर्व्यसनी, सुशिक्षित व घरकामाची आवड. अशी कंपनी आपल्या भागात सापडंल व्हय?”

सगळं दुकान हसलं. गृहस्थही हसले, पण कानापर्यंत लाल झाले. “बाई, बायोडाटा म्हंजी हाच ना? आमच्यात तर हाच अस्तोय.”

“असू द्या. तुमचा खाडा पडला की कुणाचं अडतं?”

“माझं काय अडतंय? सतरा वर्षं पॅकिंगला हाय मी. दुसऱ्याला बसवत्यात.”

“किती जणांना?”

गृहस्थ थांबले. बोटांकडे पाहत म्हणाले, “दोघांना.”

शालनबाईंनी पेन उचललं. “सतरा वर्षं हे काम एकट्यानं केलं. गैरहजर असताना त्या जागेवर दोन माणसं लावावी लागतात. कॉलेज, पहिली ओळ ही. उंची आन् रंग काढ. शाळाबी वर नको. पन्नाशीच्या माणसाची दहावी कोण इचारतंय? ती शेवटी एका ओळीत.”

मी टाइप केलं, पण वर माझी एक ओळ घातली. कॉलेजात प्लेसमेंटचं एक शिबिर झालं होतं, तिथे शिकवलेली. ‘आव्हानात्मक वातावरणात माझ्या कौशल्यांचा संस्थेच्या प्रगतीसाठी उपयोग करणे हे माझे ध्येय आहे.’ शालनबाई प्रत्येक कागद छापण्याआधी मला मराठीत वाचून दाखवायला लावायच्या. ही ओळ ऐकून त्यांनी हात वर केला.

“हे कुणाचं हाय?”

“सगळेच लिहितात, बाई. अशी पद्धत आहे.”

“सगळेच लिवत्यात ना? मग ते सगळ्यांचं झालं. ह्यांचं काय त्याच्यात?”

बाकावरचे लोक माझ्याकडे बघत होते. मी ती ओळ पुसली. त्या दिवशी गावी जाताना एसटीत मी त्यांच्या इंग्रजीच्या चुका मनात मोजत बसले. प्रेस शॉपला त्या ‘प्रेशॉप’ म्हणायच्या, एक्स्पीरियन्सचं त्यांचं स्पेलिंग दर वेळी वेगळं असायचं. तेवढंच मला बरं वाटलं.

त्याच वर्षी आण्णांची नोकरी गेली. आण्णा म्हणजे माझे वडील. तेवीस वर्षं एका कंपनीच्या प्रेस शॉपला होते. तिथे लोखंडी पत्रा साच्यात दाबून गाड्यांचे भाग काढतात. त्या साच्याला डाय म्हणतात. कंपनीने ते काम दुसरीकडे हलवलं आणि जुनी माणसं कमी केली. आण्णांच्या अनुभवाच्या दाखल्यावर हुद्दा होता ‘हेल्पर’. ते कुणालाही तेच सांगायचे, “मी हेल्पर हाय.” मलाही तेवढंच माहीत होतं.

त्यांचा बायोडाटा मी लिहिला. दोन दिवस लावून, शिबिरात दिलेल्या नमुन्याप्रमाणे, रेघा आखून. मेहनती, प्रामाणिक, संघभावनेने काम करणारा. हेल्पर, तेवीस वर्षं. आण्णांनी कागद दोन्ही हातांत धरून पाहिला. त्यांना इंग्रजी येत नाही. “झ्याक झालंय,” म्हणाले, “लई मन लावून केलंस गं पोरी.” पाच ठिकाणी पाठवला. एकाही ठिकाणाहून फोन आला नाही. मी म्हणत राहिले, वय आडवं येतंय आण्णा. एकोणपन्नास म्हणजे काही कमी नाही.

मग एका गुरुवारी शालनबाई एक नवीनच शब्द घेऊन आल्या. मी एक वाक्य वाचून दाखवलं तर म्हणाल्या, “कॉलेज, हे बद्द वाजतंय.”

मी दचकले. बद्द वाजणं हे आमच्या घरातलं बोलणं. आई भाकरी थापते तेव्हा परात हलली, दार नीट लागलं नाही, तरी आण्णा म्हणतात, बद्द वाजलं बघ. थोड्या वेळाने शालनबाईंनी मस्टरचं एक पान माझ्यापुढे ठेवलं. “हे रविवारी दौंडला घरीच आलं होतं. भांडगावला एका कारखान्यात डाय सेटरची जागा निघालीय, त्याला पाठवायचंय. शनिवारपर्यंतच मुदत हाय. नाव मागनं टाकू.”

नावाची जागा कोरी होती. मी वाचायला लागले.

कागदोपत्री हेल्पर. प्रत्यक्षात चौदा वर्षांपासून डाय बसवण्याचं काम. डाय नीट बसली की हातोडीचा आवाज मोकळा येतो, बसली नाही की बद्द येतो, आवाजावरून ओळखतात. हाताखाली सहा मुलं तयार केली, त्यांतली दोन आज सेटर आहेत. खाडे फार थोडे. एक खाडा मुलीच्या कॉलेजच्या ॲडमिशनसाठी. त्या दिवशी डाय बसेना, उत्पादनाची लाइन तीन तास बंद. दुसऱ्या दिवशी साहेब गेटवर वाट बघत उभे.

नाव लिहायची गरजच नव्हती. ॲडमिशनच्या दिवशी आण्णा माझ्यासोबत रांगेत उभे होते, ते मला आठवत होतं. खिडकीतल्या कारकुनाने हाक मारली की ते दर वेळी टोपी काढायचे आणि मला लाज वाटायची. त्या वेळी तिकडे एक अख्खी लाइन बंद होती, हे त्यांनी मला कधीच सांगितलं नाही. दौंडला जाऊन एका परक्या बाईला सांगितलं.

मी पान टाइप केलं, त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

अर्ज ईमेलने पाठवायचं काम माझंच असायचं. शनिवारी दुकानात मी एकटी होते. आण्णांचं ईमेल मीच उघडून दिलेलं होतं. मी बाईंचा बायोडाटा उघडला आणि स्वतःला समजावू लागले. खाडा कुणी बायोडाटात लिहितं का? गैरहजेरी का कुणी मिरवतं? दाखल्यावर हेल्पर आहे, मग सेटर लिहिणं खोटं नाही का? सगळी कारणं रीतसर होती. मी त्यांचा कागद बंद केला आणि माझा पाठवला. तोच, पाच ठिकाणी जाऊन आलेला. बटण दाबताना मला पूर्ण ठाऊक होतं की मी हे का करते आहे. आण्णांना नोकरी लागावी असं मला वाटत होतं. पण ती माझ्या कागदावर लागावी, असं त्याहून जास्त वाटत होतं.

पुढचे बारा दिवस आण्णा मोबाइल शर्टाच्या खिशात ठेवून हिंडले. रानात पाणी धरायला जातानाही. एकदा खिशातच फोन वाजला तर हातातलं खोरं टाकून धावत बांधावर आले. कर्जाची जाहिरात होती. “इंग्रजीतनं बोलत हुती बाई,” ते म्हणाले, “मला वाटलं कारखान्याची.”

त्यानंतरच्या गुरुवारी शालनबाईंनी आल्या आल्या मलाच विचारलं, “तुझ्या आण्णांना फोन आला का?”

“तुम्हाला माहीत होतं?”

“आडनाव एक, गाव एक, आन् नाकबी तेच. मी काय आंधळी हाय?” त्या बसल्या, पाण्याचा घोट घेतला. “ते म्हणले, पोरीला सांगू नका, तिला वाईट वाटंल. म्हणून मी नाव लिवलं न्हाई. मी कुठं सांगितलं तुला?” आणि मग त्या हसायला लागल्या. “तुझा कागद घिऊन आल्ते. लॅमिनेट केल्याला! मी म्हणलं, भाऊ, ह्याच्यावर दुरुस्ती कशी करू, पेन उमटंना. तर म्हणले, दुरुस्तीला न्हाई आणला, दाखवायला आणलाय. आमच्या पोरीनं लिवलाय.”

मी कॉम्प्युटरकडे तोंड केलं. बाकावर तीन माणसं बसली होती. मला त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं, पण ते माझ्या हातात राहिलं नाही. जे केलं ते मी बाईंना सांगितलं. शनिवारी कुठला कागद गेला ते.

शालनबाईंनी पेन आडवं ठेवलं. बाकावरच्या एकाने “बाई, आमचं…” म्हणून सुरुवात केली तर त्याला हाताने थांबवलं. मला वाटलं आता शिव्या बसतील. बसल्या असत्या तर बरं झालं असतं.

“आज पाठव,” त्या म्हणाल्या.

“मुदत संपली, बाई.”

“मुदत संपली म्हणून जागा भरली असं कुणी सांगितलं? सोबतचं पत्र लिव. उशीर का झाला ते लिव.”

“तुम्ही सांगा, मी टाइप करते.”

“मी न्हाई सांगायची. चूक तुझी, पत्र तुझं.” मग जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, “पत्रात आपली थोरवी गाऊ नये. त्यांचं काय अडलंय आन् आपण ते कसं सोडवू, एवढंच लिवायचं. बायोडाटा मागं काय झालं ते सांगतो. पत्रानं पुढचं बोलायचं.”

मी तासभर लिहिलं. सोबतच्या अर्जदाराचा आधीचा बायोडाटा त्यांच्या मुलीने लिहिला होता. तिने वडिलांना काम करताना कधी पाहिलं नव्हतं. खरा बायोडाटा आता जोडला आहे. आपल्याकडे डाय बसवायला वेळ जात असेल, तर त्यांना एक दिवस बोलावून आवाज ऐकू द्या. शेवटी मी चार ओळींची माफी मागितली होती. ते सगळं मराठीत वाचून दाखवलं. शालनबाई डोळे मिटून ऐकत होत्या. माफी आली तसे त्यांनी डोळे उघडले.

“हे काढ. त्यांचं काय गेलंय? माफी घरी माग.”

माफी मागणं पत्र लिहिण्यापेक्षा अवघड गेलं. संध्याकाळी आण्णा गोठ्यापुढे वैरण तोडत होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं. ते वैरण तोडत राहिले. पेंडी संपल्यावर म्हणाले, “आता गेला ना बाईंचा?”

“गेला.”

“मग झालं.” दुसरी पेंडी सोडत म्हणाले, “तुझा कागद वाईट न्हवता गं. त्याच्यात मी न्हवतो एवढंच.”

ते मला लागावं म्हणून बोलले नव्हते. पण त्या रांगेतली काढलेली टोपी मला पुन्हा दिसली.

आठवड्याने भांडगावहून फोन आला. आण्णा गेले. तिथल्या साहेबांनी फारसं विचारलं नाही, थेट प्रेसपाशी नेलं. परत आल्यावर आण्णा आईला सांगत होते, “त्यांची डाय बद्द वाजत हुती. मी म्हणलं, डाव्या अंगाला पातळ पत्री सारा. सारली. मोकळी वाजली.” नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा हुद्द्याचा शब्द त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. सेटर. मग म्हणाले, हे लॅमिनेट कर. आणि पहिले पेढे घेऊन ते दौंडला गेले, शालनबाईंकडे. आम्हाला उरलेले मिळाले.

हेवा जाईल असं मला वाटलं होतं. गेला नाही. फक्त आता मी त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसू लागले. माणूस कुठे थांबतो, कुठल्या प्रश्नाला बोटांकडे बघतो, ते पाहायला शिकले. एकदा मी धीर करून विचारलं, “बाई, तुमचा स्वतःचा बायोडाटा कधी लिहिला नाहीत?”

“माझा खाडा पडल्यावर बघू कुणाचं अडतंय,” त्या म्हणाल्या. “तवा तूच लिव.”

यंदा संक्रांतीनंतरच्या एका गुरुवारी त्या आल्या नाहीत. बाकावर माणसं चारपर्यंत बसून राहिली. कुणी म्हणालं एसटी चुकली असेल, कुणी म्हणालं गुडघे दुखत असतील. मी म्हणाले, या, मी लिहून देते. एकजण उठला, दोन पावलं आला आणि म्हणाला, “नको, आमी पुढच्या गुरुवारी येतो.” त्या वेळीही मला राग आला. रात्री उशिरा दौंडहून त्यांच्या भाच्याचा फोन आला. सकाळी स्टँडवर जायला निघाल्या होत्या, दारातच बसल्या आणि तशाच गेल्या. पिशवी हातात होती.

अंत्यसंस्कार दुसऱ्या दिवशी सकाळी होते. पहाटे मी आण्णांना सांगितलं तेव्हा ते पहिल्या पाळीचा डबा भरत होते. त्यांनी डबा बंद केला, कारखान्यात फोन लावला आणि म्हणाले, “साहेब, आज माझा खाडा.” नव्या नोकरीतला पहिलाच. आम्ही दोघं दौंडला गेलो. त्यांच्या घरासमोर पांढऱ्या कपड्यांतली माणसं बसली होती, बुद्धवंदना चालू होती. मला ओळखू आली ती बरीचशी आमच्या बाकावरची. वडगाव रासाईचे गृहस्थ होते. आण्णांनी टोपी काढली आणि उन्हात शेवटपर्यंत तशीच हातात धरून उभे राहिले. मला लाज वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर मी त्यांना विचारलं, “काल काय अडलं का?”

“दीड तास लाइन बंद हुती म्हणं,” आण्णा चपला काढत म्हणाले.

म्हणजे आण्णांनी मनापासून केलेल्या खाड्यांत एक माझ्यासाठीचा आहे आणि एक शालनबाईंसाठीचा. मला त्याचाही हेवा वाटला. तो खाडा मी इथे लिहून ठेवते आहे, कारण बाईंनी मला त्यांचा बायोडाटा लिहायला सांगितला होता आणि त्यांच्या पद्धतीप्रमाणे पहिली ओळ हीच यायला हवी : त्यांचा खाडा पडला आणि भांडगावची लाइन दीड तास बंद राहिली.